स्टिरिओ फोटोंसाठी घरगुती व्ह्यूअर: आधी मापं, मग पुठ्ठा

फोनवर थोडं सरकून एकाच दृश्याचे दोन फोटो (हीच स्टिरिओ जोडी) काढायचे, शेजारी शेजारी ठेवायचे आणि डोळे ताणून ते एकमेकांत मिसळायचे, इथपर्यंत पुष्कळ लोक येतात. पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं आणि नाद तिथेच सुटतो. याचं मला खरंच वाईट वाटतं. नीट जुळलेल्या व्ह्यूअरमधून पाहिलं की पुढची फांदी पुढे येते, मागची भिंत मागे सरते, आणि डोळ्यांना त्यासाठी काही म्हणजे काही करावं लागत नाही. असा व्ह्यूअर पुठ्ठा, दोन भिंगं आणि चार पट्ट्यांतून घरी होतो.

घरगुती व्ह्यूअर फसतो तो बहुधा क्रमामुळे. आधी खोका तयार होतो, मग त्यात मिळतील ती भिंगं बसतात आणि शेवटी मावतील तेवढे फोटो छापले जातात. हे उलट करायला हवं. आधी फोटोच्या जोडीचं माप ठरवायचं, त्यावरून भिंगं आणि भिंगांवरून सांगाडा.

ही कल्पना फोटोग्राफी जाहीर होण्याच्याही आधीची आहे. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दोन आरशांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे अशा जोड्या पाहायचं उपकरण, मांडला तेव्हा फोटोग्राफीची घोषणाही व्हायची होती, म्हणून त्यांनी हाताने काढलेल्या रेषाचित्रांच्या जोड्या वापरल्या. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा, पेटीसारखा प्रकार केला. १८६१ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचा उघडा, हलका व्ह्यूअर बनवला आणि त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही. आपण करणार आहोत तो होम्स यांच्या वळणाचा. बंद पेटीत कार्डावर, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोंच्या जोडीवर, उजेड पडत नाही आणि मग दिव्यांची भानगड करावी लागते. उघड्या व्ह्यूअरला खिडकीजवळची खुर्ची पुरते.

दोन अंतरं

पहिलं अंतर भिंगांच्या केंद्रांमधलं. मोठ्या माणसांच्या बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलीमीटरच्या आसपास असतं, म्हणून केंद्रं ६३ मिमीवर धरू. आता छापलेल्या जोडीत खूप दूरची एखादी वस्तू घ्या, समजा डोंगराचं टोक. डाव्या फोटोतल्या टोकापासून उजव्या फोटोतल्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. हे अंतर भिंगांच्या केंद्रांमधल्या अंतरापेक्षा कधीही जास्त नको. जास्त झालं की डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं, आणि ते त्यांना जमत नाही. कपाळ ठणकतं ते यानेच.

दुसरं अंतर भिंगाचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ), म्हणजे दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर पडते ते. फोटो जिथून काढला तिथे उभं राहून डोळ्याला दृश्य जेवढं दिसलं असतं, तेवढंच व्ह्यूअरमध्ये दिसलं तर खोली, म्हणजे दृश्यातलं पुढे-मागेपण, खरी वाटते. त्याचा हिशेब सोपा आहे: कॅमेऱ्याच्या लेन्सचं नाभीय अंतर गुणिले छापताना केलेला मोठेपणा, बरोबर व्ह्यूअरच्या भिंगाचं नाभीय अंतर. फोनचा मुख्य कॅमेरा पूर्ण फ्रेमच्या भाषेत, म्हणजे ३६ × २४ मिमीच्या चौकटीच्या मापाने, साधारण २६ मिमीचा असतो. उभा फोटो ६० मिमी रुंदीत छापला तर तो त्या चौकटीच्या साधारण २.३ पट होतो आणि त्याला ६० मिमीचं भिंग लागेल. तोच फोटो २एक्सवर (दुप्पट झूम करून) काढला तर १२० मिमीचं. ६० मिमीइतकं कमी नाभीय अंतर असलेल्या स्वस्त भिंगातून कडा वाकड्या दिसतात, म्हणून मी १०० मिमीचं भिंग आणि २एक्सचे फोटो ही जोडी सुचवेन. खोली किंचित दबते, पण ते डोळ्याला खटकत नाही. उलट १एक्सचा रुंद फोटो १०० मिमीच्या भिंगातून पाहिला तर दृश्य मागे ताणल्यासारखं होतं. चेहऱ्यांच्या फोटोंत तर हे लगेच जाणवतं, नाक लांबतं.

तर आपली जोडी ठरली: प्रत्येक फोटो ६० मिमी रुंद, ८० मिमी उंच, दोन्ही एकमेकांना चिकटून, एकूण १२० × ८०. ही जोडी चार बाय सहा इंची फोटो कागदावर पांढरी किंवा काळी कड राखून आरामात मावते. सर्वांत जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमा ६० मिमीवर आणि सर्वांत दूरच्या ६२ मिमीवर. फोटोच्या रुंदीच्या तिसाव्या भागाएवढा हा २ मिमीचा फरक म्हणजे सगळी खोली.

भिंगं निवडताना

एकसारखी दोन भिंगं हवीत, शक्यतो एकाच पाकिटातली. नाभीय अंतर १०० मिमी म्हणजे १० डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक, चष्म्याचा नंबर यातच असतो). व्यास ३५ ते ४० मिमी असला की मध्ये नाकाला जागा राहते. पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता स्वतः मोजा. खोलीत खिडकीच्या समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा, भिंग कागदासमोर धरून पुढे-मागे करा आणि खिडकीबाहेरचं दूरचं झाड कागदावर स्पष्ट उमटलं की भिंग ते कागद अंतर मोजा. दोन भिंगांमध्ये २-३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ती जोडी वापरू नका. एका डोळ्याला दृश्य मोठं आणि दुसऱ्याला लहान दिसेल. मोजणीसाठी सूर्य वापरू नका आणि भिंगं उन्हात उघडी ठेवू नका, कागद पेटतो.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि तीच सर्वांत मोलाची आहे. भिंगाचं प्रकाशीय केंद्र गोलाच्या बरोबर मध्ये असेलच असं नाही, साच्यातल्या प्लास्टिकच्या भिंगांत तर ते बऱ्याचदा सरकलेलं असतं. कागदावर बारीक पेनाने मोठी फुली काढा, उभी आणि आडवी रेघ एकमेकींना काटकोनात. कागदापासून ३-४ सेंटीमीटर वर भिंग धरा आणि एका डोळ्याने, बरोबर वरून पाहा. भिंगाच्या आतली रेघ बाहेरच्या रेघेपासून तुटलेली दिसेल. भिंग हळूहळू सरकवत जा. एका जागी उभी रेघ आत-बाहेर सलग होते, मग आडवीही होते. दोन्ही सलग झाल्या की फुलीचा मध्य जिथे दिसतो तिथे भिंगावर मार्करने ठिपका द्या. चष्म्याच्या काचेचं केंद्रही असंच तपासता येतं. दोन्ही भिंगांवर ठिपके दिल्यावर पुढची सगळी मापं त्या ठिपक्यांपासून घ्यायची, भिंगाच्या कडेपासून नाही.

एवढी काळजी का? १० डायॉप्टरचं भिंग १ मिमी वर-खाली बसलं तर दृश्य १ प्रिझम डायॉप्टरने सरकतं, म्हणजे एक मीटरवर एक सेंटीमीटर. आडव्या फरकाला डोळे सहज जुळवून घेतात, रोज जवळ-दूर पाहताना तेच तर करतात. उभ्या फरकाची त्यांना सवयच नाही. एक डोळा वर आणि एक खाली, हे त्यांना फार थोडं सोसतं.

भिंग एका बाजूने सपाट असेल तर दोन्ही तऱ्हांनी धरून चौकटीच्या कागदाकडे पाहा. कडेच्या रेघा ज्या तऱ्हेने कमी वाकतील ती ठेवा, दोन्ही भिंगांना एकच. कडांना निळी-नारिंगी किनार दिसली तर ती साध्या एकेरी भिंगाची मर्यादा आहे. दोन काचा जोडून केलेली, रंगदोष काढलेली भिंगं मिळाली तर जरूर घ्या. फरक पहिल्याच कार्डात दिसतो.

सांगाडा

साहित्य साधं: ५ मिमीचा एमडीएफ, सनबोर्ड किंवा दोन थर चिकटवलेला जाड पुठ्ठा, कटर, गुण्या, पोलादी पट्टी, काळा मॅट रंग आणि डिंक.

भिंगांची पट्टी १५० मिमी रुंद. तिच्यावर एक आडवी रेघ मारा आणि मध्यापासून दोन्हीकडे ३१.५ मिमीवर खुणा करा. या दोन खुणा सांगाड्याचा पाया आहेत, त्या काढताना गुण्या वापरा. खुणांभोवती भिंगाच्या व्यासापेक्षा २ मिमीने लहान भोकं पाडा, म्हणजे भिंग कडेवर टेकेल. मध्ये खालून नाकासाठी उलट्या व्ही आकाराची खाच. ती आधी थोडी कापा, लावून पाहा, मग वाढवा. डोळे भिंगांच्या जितके जवळ येतील तितकं दृश्य रुंद दिसतं.

तळाला १५० मिमी लांब, ४० मिमी रुंद पट्टी, भिंगांच्या पट्टीला काटकोनात. तिच्यावर कार्ड धरणारी पाटी पुढे-मागे सरकली पाहिजे. पाटीच्या खाली तळपट्टीच्या दोन्ही अंगांना धरणारे दोन तुकडे चिकटवले की झालं, घट्टपणा कमी-जास्त करायला आत मखमलीची पट्टी लावा. कार्डाची उंची १०२ मिमी, म्हणजे त्याचा मध्य पाटीच्या कंगोऱ्यापासून (कार्ड ज्यावर टेकतं त्या कडेपासून) ५१ मिमी वर येतो. भिंगांची केंद्रंही नेमकी त्याच उंचीवर हवीत. कंगोरा तळपट्टीपासून किती वर आहे ते मोजून त्यात ५१ मिळवा आणि मगच भिंगांच्या पट्टीवरची आडवी रेघ मारा.

पाटीला ८० ते ११२ मिमीची हालचाल द्या. ती चैन नव्हे. चष्म्याचा नंबर उणे २ असलेल्या आणि चष्मा काढून पाहणाऱ्या माणसाला कार्ड भिंगापासून साधारण ८३ मिमीवर स्पष्ट दिसतं, अधिक १ वाल्याला १११ मिमीवर. नंबर नसलेल्यांनी ९५ मिमीपासून सुरुवात करावी. तिथे भिंगातून दिसणारं चित्र सुमारे दोन मीटरवर उभं राहतं आणि आपण ठरवलेल्या ६० मिमीच्या अंतरामुळे डोळेही जवळपास तिथेच येऊन मिळतात. नजर जिथे स्थिरावते तिथेच डोळे मिळतात, म्हणून असा व्ह्यूअर अर्धा तास पाहिला तरी थकवा येत नाही.

मधला पडदा काळ्या पुठ्ठ्याचा, भिंगांच्या पट्टीपासून ७५ मिमी लांब. यामुळे डाव्या डोळ्याला उजवा फोटो दिसत नाही. पडदा गुळगुळीत नको, नाहीतर त्यावर फोटोचं प्रतिबिंब पडतं. मी सगळा आतला भाग काळ्या मॅट रंगाने रंगवतो आणि पडद्याला वरून काळी मखमल लावतो.

चिकटवण्याआधीची चाचणी

भिंगं अजून डिंकाने लावू नका, टेपने धरा. एक चाचणी कार्ड बनवा. डाव्या भागाच्या मध्यात २० मिमीची आडवी रेघ. उजव्या भागात, त्याच उंचीवर, रेघेच्या मध्यापासून ६१ मिमीवर एक ठळक ठिपका. कार्ड पाटीवर ठेवा, दोन्ही डोळ्यांनी पाहा आणि काही क्षण जाऊ द्या. ठिपका रेघेवर येऊन बसला पाहिजे. तो वर किंवा खाली तरंगत असेल तर एक भिंग वर-खाली बसलंय. भिंग हलवण्याआधी कार्डाच्या खालच्या कडेपासून रेघ आणि ठिपका यांची उंची पट्टीने मोजा. दोन्ही एकाच उंचीवर असतील तर दोष भिंगांच्या उंचीत. नसतील तर आधी कार्ड नीट काढा. भिंग अर्धा-अर्धा मिलीमीटर हलवत ठिपका रेघेवर आणा, आणि मगच डिंक लावा. सुपरग्लू टाळा, त्याच्या वाफेने भिंगावर पांढुरका थर चढतो.

आडव्या दिशेने ठिपका रेघेच्या मध्यापासून थोडा इकडे-तिकडे हलत राहील. ते चालतं.

या व्ह्यूअरसाठी फोटो कसे काढायचे

स्थिर दृश्यासाठी एक फोन पुरतो. वजन डाव्या पायावर, फोटो. वजन उजव्या पायावर, दुसरा फोटो. दोन्ही वेळा फोन समोर सरळ, तिरका वळवायचा नाही. एक्सपोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर दोन फोटोंचा उजेड वेगळा येतो. किती सरकायचं याचा पुस्तकी नियम आहे जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. आपल्या मापांत, उभ्या धरलेल्या फोनने १एक्सवर तो बरोबर २ मिमीची खोली देतो. २एक्सवर मात्र साठावा भाग घ्या. म्हणजे पुढचं झुडूप ३.६ मीटरवर असेल तर ६० मिमी, १.८ मीटरवर असेल तर ३० मिमी. नियम विसरून मोठं पाऊल टाकलं की जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकाच वेळी मिसळतच नाहीत.

हलणारी पानं, पाण्याच्या लाटा, चालती माणसं दोन फोटोंत वेगवेगळ्या जागी येतात आणि व्ह्यूअरमध्ये लुकलुकतात. अशा दृश्यांसाठी दोन कॅमेरे एका पट्टीवर बसवून एकदम बटण दाबावं लागतं. सुरुवातीला दगड, वास्तू, झाडांचे बुंधे, टेबलावरच्या वस्तू घ्या.

जोडी लावणं आणि छापणं

संगणकावर स्टिरिओफोटो मेकर हा मोफत प्रोग्रॅम दोन्ही फोटोंची उंची, कल आणि आकार आपोआप जुळवून देतो. हे काम डोळ्याने करू नका, प्रोग्रॅम ते जास्त नीट करतो. चौकट कुठे लावायची हा निर्णय मात्र आपला. चौकट ही खिडकी समजायची आणि दृश्य तिच्या पलीकडे. जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दोन्ही चौकटींत एकाच जागी आल्या की ती वस्तू खिडकीच्या पातळीवर येते, बाकी सगळं मागे. खिडकीच्या पुढे येणारी वस्तू डाव्या-उजव्या कडेने कापली गेली तर नजर गोंधळते, कारण जे पुढे आहे ते मागच्या चौकटीने झाकलेलं दिसतं.

डावं-उजवं तपासायची खूण: डाव्या फोटोत जवळची वस्तू मागच्या पार्श्वभूमीच्या तुलनेत उजवीकडे सरकलेली असते. उलट असेल तर जोडी अदलाबदल झाली आहे आणि व्ह्यूअरमध्ये खड्ड्याचा उंचवटा होईल.

छपाई ६०० डीपीआयच्या (दर इंचाला ६०० ठिपके) फाइलवरून करा, म्हणजे प्रत्येक फोटो १४१७ × १८९० पिक्सेल. १०० मिमीचं भिंग अडीच पट मोठं करतं, ३०० डीपीआयचा मऊपणा त्यात कळतो. कागद चकचकीत आणि गुळगुळीत घ्या. पोत असलेला कागद स्टिरिओला अगदी वाईट: तो पोत दोन्ही फोटोंत वेगळा असतो, म्हणून दृश्यासमोर धुरकट पापुद्रा पसरल्यासारखा दिसतो. धुळीच्या कणाचंही तेच, एकाच फोटोवरचा कण हवेत तरंगतो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाला मापात बसवण्याचा पर्याय बंद ठेवा, १०० टक्के मापाने छापा. छापून झाल्यावर पट्टी लावा. दूरच्या वस्तूचं अंतर ६२ मिमी आलं तर कार्ड पास. ६४ आलं तर फाइलमध्ये दोन्ही फोटो आपापल्या चौकटीत एकमेकांकडे सरकवून पुन्हा छापा. कार्ड जाड पुठ्ठ्यावर पूर्ण सपाट चिकटवा, फुगलेला कोपरा म्हणजे त्या कोपऱ्यात चुकीची खोली.

मोठी कार्डं हवी असतील तर

जुनी होम्स पद्धतीची कार्डं ७ × ३.५ इंचांची असतात. त्यांतल्या दूरच्या वस्तूंचं अंतर बुबुळांमधल्या अंतरापेक्षा बरंच जास्त असतं. तरी ती पाहता येतात, कारण पहिला नियम भिंगांच्या केंद्रांबद्दल आहे. केंद्रं ८० मिमीवर नेली तर दूरच्या वस्तूही ८० मिमीवर चालतील, फक्त डोळे मग भिंगांच्या आतल्या कडेतून पाहतात. यासाठी मोठ्या व्यासाचं, सुमारे २०० मिमी नाभीय अंतराचं ॲक्रिलिक भिंग बारीक दात्यांच्या करवतीने मधोमध कापतात आणि जाड बाजू बाहेर, पातळ बाजू नाकाकडे ठेवून दोन अर्धी बसवतात. दोन्ही अर्धी एकाच भिंगाची, त्यामुळे ताकद आपोआप सारखी. काचेचं भिंग घरी कापू नका.

याहून मोठे, समजा २०० मिमी रुंद फोटो असतील तर भिंगं सोडा आणि व्हीटस्टोन यांच्याकडे वळा. साधारण ८० × ८० मिमीचे दोन आरसे काटकोनात जोडून त्यांची धार नाकाकडे करायची. डावा फोटो डावीकडे, उजवा उजवीकडे, दोन्ही एकमेकांकडे तोंड करून उभे, डोळ्यापासून आरशामार्गे ३५ सेंटीमीटरच्या आसपास. आरशात डावं-उजवं उलटतं, म्हणून दोन्ही फोटो आडवे उलटवून छापावे लागतात. साधा घरगुती आरसा इथे चालत नाही. ३ मिमी जाडीच्या आरशात ४५ अंशांवर पुढच्या काचेची फिकट प्रतिमा मुख्य प्रतिमेपासून सुमारे २ मिमी सरकलेली दिसते, आणि आपली सगळी खोलीच एवढ्याशा फरकांवर उभी असते. पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला आरसा घ्या. ओळखायला नखाचं टोक काचेजवळ न्या: टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसली नाही तर आरसा तोच. त्यावर कापड घासू नका, धूळ फक्त हवेच्या फुग्याने उडवा.

आरशांच्या व्ह्यूअरची जुळवणी भिंगांपेक्षा सोपी आहे. दोन्ही फोटो समांतर रुळांवर ठेवा. दोन्ही सारखेच पुढे ढकलले की दृश्य दूर जातं, स्वतःकडे ओढले की जवळ येतं. डोळे आपोआप सैल पडतील ती जागा सापडली की रुळांवर खूण करा आणि पुढची प्रत्येक जोडी तिथूनच लावायला घ्या.